खुर्चीवरचा टॉवेल

मी रिकामी खुर्ची सगळ्यांच्या मधोमध ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिपाई आत आला आणि ती खुर्ची उचलून चालता झाला. मागून हाक मारली तर दारातूनच म्हणाला, "आस्थापनेत पाहिजे मॅडम. हितं कोणी बसलं नव्हतं."

त्याचं चुकलं नव्हतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्यात पाट्या आधी येतात, मग साहेब येतात, मग टपाल येतं आणि फर्निचर सगळ्यात शेवटी. कुठलं कार्यालय कुणाच्या माडीवर, कुठलं कुणाच्या जुन्या स्वयंपाकघरात. एका ठिकाणी तर ओट्यावर फायली रचलेल्या मी स्वतः पाहिल्या. अशा दिवसांत भरल्या कार्यालयात बसायची खुर्ची रिकामी ठेवणं म्हणजे चैनच.

मी तेव्हा नांदेडच्या एका प्रशिक्षण केंद्रात नोकरीला होते. माहेर मुखेडचं, त्यामुळं दुष्काळ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आदल्या वर्षी पुण्याला जाऊन मनोनाट्याचं ट्रेनिंग घेऊन आले होते. नावात नाट्य असलं तरी हे नाटक नव्हे. लिहिलेले संवाद नसतात, पडदा नसतो, टाळ्या नसतात. एखाद्याला जी गोष्ट अडली आहे तो प्रसंगच गटासमोर उभा करायचा. ज्याचा प्रसंग त्यानं आधी स्वतः व्हायचं, मग समोरचा माणूस व्हायचं. याला आम्ही रोल बदलणं म्हणतो. पुण्यात हे करताना माणसं ढसाढसा रडली होती, हलकी होऊन घरी गेली होती. तोच उत्साह घेऊन मी लातूरला उतरले. आमच्या केंद्राचे प्रमुख निघताना म्हणाले होते की जमलं तर ठीक, नाहीतर परत आल्यावर आपलं हिशेब-तपासणीचं ट्रेनिंग आहेच. ते ट्रेनिंग मला घ्यायचं नव्हतं. त्यात मीच झोपत असे.

समोर होते वीसएक ग्रामसेवक. जागा होती एका आडत व्यापाऱ्याचं गोदाम. दुष्काळामुळं माल नव्हता, म्हणून भाड्यानं मिळालं. भिंतींना अजून तुरीची धूळ होती आणि दर दोन वाक्यांमागं कुणीतरी शिंकायचं. ग्रामसेवक सतरंजीवर बसले होते. खुर्च्या दोनच. एक माझी, ती आस्थापनेत गेली. दुसरी साहेबांची. साहेब म्हणजे या सगळ्यांचे वरिष्ठ. उद्‌घाटनाला आले, हार घेतला, नारळ फोडला आणि मग गेलेच नाहीत. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल होता. खुर्चीवर टॉवेल टाकला की ती साहेबांची, हे आपल्याकडं शाळेत न शिकवताही सगळ्यांना येतं.

ट्रेनिंगचं कारण साहेबांनी मला आधीच खासगीत सांगितलं होतं. गावोगाव टँकरवरून भांडणं चालली होती. ग्रामसेवक गावात जायला घाबरत होते. त्यातल्या सुरनर नावाच्या तरुण ग्रामसेवकाचं प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. रेणापूरच्या बाजूला त्याच्याकडं दिलेलं गाव. टँकर येईना, तेव्हा बायांनी त्याला चावडीसमोर घेरलं. केवळबाई नावाच्या बाईनं रिकामी घागर फेकली. ती त्याला लागली नाही, पण तो जो पळाला तो एक चप्पल तिथंच टाकून. तेव्हापासून गावात गेलाच नव्हता. रोज लातूरच्या कार्यालयात यायचा आणि रबरी स्लिपर घालून कोपऱ्यात बसायचा.

"सस्पेन्शनची ऑर्डर टाईप करून ठेवलीय," साहेब म्हणाले. "सोमवारी गावात गेला तर फाडतो. नाही गेला तर सही करतो. पोरगा वाईट नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं. बघा तुमच्या नाटकानं काही होतंय का."

लग्न होऊन वर्ष झालेला मुलगा. घरातली पहिली सरकारी नोकरी. तो मला सतरंजीच्या अगदी कडेला दिसला, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. पिशवी बाजूला ठेव म्हटलं तर मान हलवायचा, ठेवायचा मात्र नाही.

पहिला दिवस पार वाया गेला. मी म्हणाले, टँकरची मीटिंग करून दाखवा. त्यांनी इतकी गुणी मीटिंग करून दाखवली की तशी मीटिंग महाराष्ट्रात कधी झाली नसेल. सरपंच समजूतदार, बाया शांत, पाणी वेळेवर. शेवटी आभारप्रदर्शनही झालं. साहेब खूश. कुणालाही काही विचारलं की तो आधी टॉवेलाकडं बघायचा आणि मग म्हणायचा, "साहेबांचं मार्गदर्शन हाय, अडचण अशी काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी रिकामी खुर्ची काढली. पद्धत सोपी आहे. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय तो माणूस समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसलाय असं धरायचं आणि मनातलं त्याला सांगून टाकायचं. सुरनरनं खुर्चीत केवळबाईला बसवावं आणि तिच्याशी बोलावं, असं मी मनात योजलं होतं. तर खुर्ची अशी गेली.

मी साहेबांकडं बघितलं. साहेब दिलदार माणूस. "माझी घ्या की," म्हणत उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्ची मधोमध आली, टॉवेलासकट. मी सुरनरला पुढं बोलावलं. त्यानं पिशवी काखेत मारली आणि खुर्चीसमोर येऊन हात जोडले.

मी म्हणाले, समज इथं केवळबाई बसलीय.

त्यानं टॉवेलाकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "ह्या खुर्चीत केवळबाई कशी बसंल मॅडम?"

सगळे हसले. मीही हसले, पण माझी पंचाईत झाली. पुण्यात शिकवलं होतं की माणूस अडला तर घाई करायची नाही. म्हणून मी घाई केली नाही. तो हात जोडून उभा, मी गप्प, लोक शिंकताहेत. बघता बघता माझ्या लक्षात आलं की हा मुलगा घाबरलाय खरा, पण घागर फेकणाऱ्या बाईला घाबरलेला माणूस असा हात जोडून उभा राहत नाही.

"मग कोण बसलंय इथं?" मी विचारलं.

त्यानं भिंतीकडं नजर टाकली. तिथं खरे साहेब उभे होते, त्यांच्यासमोर तो काय बोलणार. अशा वेळी आमच्याकडं आणखी एक युक्ती असते. गटातल्या कुणीतरी उठून त्याच्या मागं उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याच्या मनातलं 'मी' म्हणून बोलायचं. देवीच्या गोंधळात मुख्य गोंधळ्याच्या मागं झीलकरी उभा असतो आणि त्याचा सूर पडू देत नाही, तसंच काहीसं. मी हे असंच सांगितलं, तेव्हा शेख बाई उठल्या. गटात त्या एकट्याच बाई. नोकरीची बरीच वर्षं झालेली, कुणाचं फारसं मनावर न घेणाऱ्या. त्यांनी सुरनरच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब," शेख बाई खुर्चीकडं बघून म्हणाल्या, "तुमी उद्या म्हणता म्हणून मी गावात उद्या म्हणतो. रोज उद्या म्हणतो. आता मह्या तोंडातून उद्या निघालं की बायांचं टकुरं फिरतंय."

मी सुरनरला विचारलं, बरोबर आहे का हे? चूक असेल तर बदल.

"बरुबर हाय," तो म्हणाला. आणि मग पहिल्यांदाच स्वतःहून पुढं बोलला. "टँकर येणार म्हणलं की बाया रस्त्याला बसून ऱ्हातेत. खडी फोडायच्या कामावर जात न्हाईत. टँकर न्हाई आला की पाणी बी गेलं आन् हजेरी बी गेली. येणार न्हाई म्हणलं असतं तर पहाटं मळ्यातल्या हिरीवर जाऊन आल्या असत्या. पर न्हाई म्हणायचं न्हाई, अशी ऑर्डर हाय."

एरवी शिंकणारेही थांबले. ऑर्डर होती, आणि ती तोंडी देणारे साहेब भिंतीला टेकून उभे होते. 'पब्लिकला नाही म्हटलं की मोर्चा येतो' हे त्यांचं नेहमीचं वाक्य असल्याचं मला नंतर कळलं. मला खरंच भीती वाटली. ट्रेनिंग आता संपणार, मी परत हिशेब-तपासणीत जाणार आणि जाताना या मुलाची नोकरीही घेऊन जाणार.

अशा वेळी शांत राहणं मला कधीच जमलं नाही. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही आता सुरनर व्हा."

साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला. "होतो की," म्हणाले. शाळेत असताना त्यांनी कुठल्या तरी नाटकात द्वारपालाचं काम केलं होतं म्हणे.

आता केवळबाई कोण? गिरी नावाचे ग्रामसेवक उठले. पैलवान गडी, मिशा या कानापासून त्या कानापर्यंत. ते सरळ मधोमध आले, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल ओढला, डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि ऐसपैस खुर्चीत बसले. हसून हसून सतरंजी हलली. साहेबही हसले. आणि टॉवेल निघाल्यावर ती खुर्ची अगदी साधी दिसायला लागली. तिचा एक हात जरा डुगडुगत होता, हेही तेव्हाच दिसलं.

"टँकर कधी येणार भाऊ?" गिरी बारीक आवाजात म्हणाले.

"उद्या येणार," साहेब म्हणाले.

बाकीचे ग्रामसेवकही आता बाया झाले होते. कुणी रुमाल डोक्यावर घेतला, कुणी टोपी घागरीसारखी कमरेवर धरली. सगळ्यांनी साहेबांभोवती कोंडाळं केलं. कालबी उद्याच म्हणला होतास की. लेकरू तान्हं हाय, त्याला काय उद्या पाजू व्हय? आज कामावर जाऊ का हितंच बसू, ते सांग. साहेब दोनदा उद्या म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर घाम पुसायला हात मागं गेला, तर टॉवेल गिरींच्या डोक्यावर. सुरनर हे सगळं कडेला उभा राहून बघत होता.

"मला माहीत नाही," साहेब शेवटी म्हणाले. "मलाही वरून उद्याच सांगतात. खरंच माहीत नाही."

कोंडाळं आपसूक मागं सरलं. गिरींनी डोक्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तोंड पुसलं आणि आमच्यात सतरंजीवर बसले. त्यांनी सुरनरला विचारलं, "तू हे रोज ऐकत होतास?" सुरनर म्हणाला, हाव. मी रुमालानं डोळे पुसले आणि शिंक आल्याचं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही मनोनाट्य केलंच नाही. साहेब आणि ग्रामसेवक बसून एकच गोष्ट ठरवत होते. रोज संध्याकाळी टँकरचं जे खरं असेल ते ग्रामसेवकानं चावडीच्या फळ्यावर लिहायचं. येणार असेल तर येणार. नसेल तर नाही. कळलं नसेल तर कळलं नाही. मी मधूनमधून मान हलवत होते, माझं काम तेवढंच उरलं होतं.

पण सस्पेन्शनची ऑर्डर अजून साहेबांच्या ड्रॉवरमध्येच होती. फळा ठरला तरी गावात पाय सुरनरनंच ठेवायचा होता. सोमवारी सकाळी एक जीप रेणापूरकडं निघाली होती, तिच्यात तो बसला. तूही चल असं मला कुणी म्हणालं नव्हतं, मीच चढले. गाव दिसायला लागल्यावर त्यानं पिशवी दोन्ही हातांनी धरली.

बाया रस्त्याच्या कडेला घागरी मांडून बसल्या होत्या. जीप बघून उठल्या. सगळ्यांत पुढं एक उंच, काळीसावळी बाई. तिला ओळखायला मला कुणी सांगावं लागलं नाही. गिरींनी तिचा तोरा अगदी बरोबर पकडला होता, मिशा सोडल्या तर.

"टँकर कधी येणार?" केवळबाईनं विचारलं.

सुरनर खाली उतरला. "आज न्हाई येणार," तो म्हणाला. "उद्याचं मला ठाऊक न्हाई. संध्याकाळी कळंल, तवा फळ्यावर लिहितो. लिहिलं न्हाई तर मला धरा."

तिनं आपली घागर उचलली. मग बायांकडं वळून म्हणाली, चला गं, ऊन चढायच्या आत मळ्याकडं जाऊन येऊ. बायांनीही घागरी उचलल्या. कुणी काही फेकलं नाही. चार पावलं गेल्यावर केवळबाई मात्र परत फिरली, चावडीत शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक चप्पल होती.

"तुहं एक पायताण ऱ्हायलं हुतं. कुत्र्यानं न्हेलं असतं, म्हणून खुटीला लावून ठिवलं."

सुरनरनं ती घेतली. मग कापडी पिशवीत हात घातला आणि दुसरी चप्पल बाहेर काढली. इतके दिवस मांडीवर धरलेल्या पिशवीत तीच होती. त्यानं स्लिपर काढून पिशवीत टाकल्या, तिथंच रस्त्यात जोड पायात घातला आणि चावडीकडं गेला. केवळबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मी जीपमध्ये बसून उघड उघड रडले, आणि या वेळी शिंकेचं निमित्तही नव्हतं.

साहेबांनी ऑर्डर फाडली. नव्या फळ्यांना खडू कुठल्या खात्यातून घ्यायचा यावर नंतर बराच पत्रव्यवहार झाला, पण तो दुसऱ्या कुणीतरी केला. मला नांदेडहून आणखी चार ठिकाणी पाठवलं गेलं आणि हिशेब-तपासणीचं ट्रेनिंग कायमचं टळलं.

पुढं वीस वर्षं मी हेच काम केलं. त्या दिवसापासून माझ्या सामानात स्वतःची घडीची खुर्ची असायची, शिपायाच्या हाती न लागणारी. टॉवेल कधी न्यावा लागला नाही. मी जाईन तिथं तो आधीच असायचा.