हेल्मेटमधली पिन

कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी स्टोअरमधल्या काकांनी मला एक पिवळं हेल्मेट दिलं. हेल्मेटं पुरुषांच्या मापाची असतात, आतला पट्टा आवळून घ्यावा लागतो. याचा मात्र आधीच शेवटच्या भोकापर्यंत आवळलेला होता. डोक्यावर ठेवलं आणि नीट बसलं. काहीतरी टोचलं म्हणून पाहिलं, तर पट्ट्याच्या अस्तरात केसांची काळी पिन अडकली होती.

"आधीच्या मॅडमचं आहे," काका म्हणाले. "हुशार होत्या. रोबोटच्या ट्रेनिंगला पाठवणार होते त्यांना. घरी विचारून सांगते म्हणाल्या. ते राहूनच गेलं. पुढे नोकरीही सोडली."

पिन मी काढली नाही. का, ते सांगता येत नाही. यंत्रावर वाकले की ती हलकेच टोचते आणि कधीही न पाहिलेल्या त्या बाईची मला आठवण येते. तिचं डोकं केवढं होतं, ते मला ठाऊक आहे. त्यात काय चालत असेल, याचाही हल्ली अंदाज येतो. समोर मोटार तापत असते आणि मनात सासूबाईंच्या गोळ्या संपलेल्या असतात.

काल स्टोअरच्या खिडकीशी हातमोजे घेत होते. साहेब जाता जाता थांबले.

"नव्या रोबोटच्या ट्रेनिंगला तुमचं नाव देतोय. तीन आठवडे बाहेरगावी राहावं लागेल. चालेल ना?"

"घरी विचारून सांगते, सर."

काकांनी चमकून वर पाहिलं. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, हेल्मेटवर होती.