काहून भेऊन राहिली वं?

आधीच सांगून टाकते, माझा देवावर विश्वास आहे, आवाजांवर नाही. कोणी म्हणालं, बाई, काल माझ्या कानात कोणीतरी बोललं, की मी म्हणायचे, कान धुऊन घ्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. असल्या गोष्टींना मी निबंधातसुद्धा मार्क दिले नाहीत. आणि आता स्वतःच लिहायला बसलेय... हसा खुशाल. पण हे भर सकाळी घडलंय, भरलेल्या चर्चमध्ये, आणि इतक्या वर्षांनी सांगतानाही माझं पेन नुसतं पळतंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपुरात सदरला राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणायचे. माझे मिस्टर रेल्वेत होते, काविळीने गेले. मूलबाळ नव्हतं. मी मूळची नगरची, त्यामुळे नागपुरी बोलीशी माझं पहिल्यापासून वाकडं. पोरींच्या वहीत 'काहून' दिसलं की लाल पेनाने खोडून वर 'का' लिहायचे. आईंना मात्र खोडता येत नव्हतं! त्या टायफॉइड झाल्यापासून ठार बहिऱ्या. मी ओठ सावकाश हलवले की त्यांना कळायचं, बाकी सगळा शुकशुकाट. भर प्रवचनात मोठ्यांदा विचारायच्या, "काय म्हणून राहिला वं पाद्री?" म्हणून आम्ही अगदी शेवटच्या बाकावर बसायचो. मागे नुसती भिंत. ही भिंत लक्षात ठेवा.

तर मला स्थळ आलं. दानियेल मास्तर, मौद्याच्या शाळेत शिकवायचे. विधुर, सरळ माणूस. आणि स्थळ आणलं कोणी, तर आईंनी.

"किती दिवस माह्या तोंडाकडे पाहत बसशील? हो म्हण."

"आणि तुमचं काय?"

"मी राहतो इथीच. सुनेच्या नव्या नवऱ्याच्या घरी सासू जाते काय कुठी? लोकं हसतीन."

मी हो म्हणाले खरी, पण त्या दिवसापासून घास उतरेना. दार वाजलेलं कळत नाही, नळ वाहतोय ते कळत नाही, अशा बाईला एकटं टाकून मी मौद्याची एस.टी. धरायची? त्यात त्या स्वतः इतवारीच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी मोतिया रंगाची साडी घेऊन आल्या. ती साडी बघून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये वाचतात, आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. दोन रविवार झाले. तिसऱ्या रविवारी मी ठरवूनच गेले, आपणच उभं राहायचं आणि म्हणायचं, माझी हरकत आहे. स्वतःच्याच लग्नात मोडता घालणारी नवरी नागपूरने तोवर पाहिली नसेल.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याआधी पाद्रीसाहेब म्हणाले, आता प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावं. सगळं शांत झालं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, तुला माहीतच आहे, मी आईंसाठी नाही म्हणणार आहे. पण देवासमोर अर्धं बोलून भागत नाही हो. उरलेलं आपोआप वर आलं. मला भीती वाटत होती. एकदा नवरा पुरला होता, परत कोणात जीव अडकवायची भीती. आईंचं नाव पुढे करून मी तीच लपवत होते.

आणि तेवढ्यात मागून, अगदी मानेपाशी, स्पष्ट...

"काहून भेऊन राहिली वं?"

मी गर्रकन वळले. भिंत! नुसती चुन्याची भिंत. मला आधी काय वाटलं सांगू? आवाजाची भीती नाही वाटली. मला वाटलं, 'काहून'? इतकी वर्षं मी शुद्ध मराठीत प्रार्थना करते आणि मला उत्तर नागपुरीत?

पण खरा धक्का पुढे होता. शेजारी बघते तर आईसुद्धा मागे वळून भिंतीकडे बघत होत्या. ज्यांना पेटी ऐकू येत नव्हती, घंटा ऐकू येत नव्हती, त्या आई. त्या शांततेत मोठ्याने म्हणाल्या, "कोन बोललं वं?"

लोक हसले. त्यांना वाटलं, नेहमीचंच. मला मात्र हसू येईना, रडू येईना.

मग पाद्रीसाहेबांनी आमची नावं वाचली, हरकतीचं विचारलं. मी जागची हललेसुद्धा नाही. उठल्या त्या आई! सगळं चर्च वळून बघायला लागलं. पाद्रीसाहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"हरकत नाही," आई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पन मी बी जातो मौद्याले. मास्तरले विचारून घ्या, चालते काय?"

मास्तर पुढच्या बाकावर होते. ते उठले, वळले, आणि आईंना लांबून दिसावं म्हणून कमरेपर्यंत वाकून मान हलवली. हो. हो. हो. आता चर्च खरंच हसलं, आणि मी मोठ्याने रडले.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर तांदूळ निवडत बसलेल्या आईंच्या पाठीमागे पितळी परात धाडकन टाकली. शेजारचे धावत आले. आई तांदूळच निवडत होत्या.

"तुम्ही सकाळी काय ऐकलंत?" मी समोर जाऊन विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. अक्षर न अक्षर तेच. चर्चमध्ये दुसऱ्या कोणी काही ऐकलं नव्हतं, मी एकेकाला विचारलं.

"माह्या पोराचाच आवाज व्हता," त्या म्हणाल्या. "मले म्हणून राहिला व्हता. एकटी राहाले मीच भेऊन राहिली व्हती नं."

मी म्हटलं, त्यांचा आवाज मी ओळखला असता, आणि ते मला म्हटलं होतं. शिवाय 'राहिली' हे एकवचन आहे, दोघींना असतं तर 'राहिल्या' झालं असतं. आई माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू भेत नोहती काय?"

"भीत होते."

"मंग?"

मौद्यात आम्ही तिघं राहिलो. हा वाद आई जाईपर्यंत चालला, आणि मास्तरांनी शहाणपणाने कोणाचीच बाजू घेतली नाही. तो आवाज कोणाचा, बहिऱ्या कानाला कसा पोचला, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर कळवा.

लग्नानंतर मीही मौद्याच्या शाळेत शिकवायला लागले, तिथे पहिल्याच आठवड्यात एका पोरीच्या वहीत 'काहून' आलं. सवयीने लाल पेन उचललं... आणि तसंच टोपण लावून ठेवून दिलं.