दोनदा उतरलेली कावीळ

नामांतराच्या दिवसांत माझं तोंड लई चालायचं. वाळूजला कारखान्याची पाळी सुटली की बसमध्ये बसल्या बसल्या मी सुरू व्हायचो. गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा, चहा पिऊन आपला आपणच विसळायचा. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की बसमधले म्हणायचे, "आला बघा ह्यांचा कप." मग मी आणखी चिडायचो.

त्याच दिवसांत बायकोचे डोळे पिवळे झाले. आमच्या गल्लीतला एकजण काविळीनं गेला होता, त्यामुळं मी हबकलो. तिचं ताट-पेला वेगळा केला. लेक तीन वर्षांची, तिला माझ्याजवळ निजवायला लागलो. बायको मोरीशेजारी अंथरूण टाकायची. पाचोडच्या बाजारात एक म्हातारा कावीळ उतरवायचा, त्याच्याकडं तिला नेलं. त्यानं तिच्या हातांना चुना चोळला, परातीत हात धुतले, पाणी पिवळं झालं. महिनाभरात डोळे निवळले. मी म्हाताऱ्याला नारळ देऊन आलो.

सहा-सात महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा पाचोड, पुन्हा परात, पुन्हा डोळे निवळले. मधल्या काळात ती म्हणायची, सांधे ठणकतात, अंगात जीवच नाय. मी म्हणायचो, "कावीळ उतरली ना? मग आता कशाचं सोंग?" सोंग हाच शब्द वापरला मी. आणि कावीळ उतरली म्हणणारा मी, ताट मात्र वेगळंच ठेवत होतो. एकदा पेला विसळता विसळता ती हसून म्हणाली, "आवो, तुमच्या भाषणातला कप असाच असंल, न्हवं?" मी चपला घालून बाहेर पडलो. आजही ते आठवलं की लाज वाटते, स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्यांदा तिचं पोट फुगलं, पाय सुजले. तेव्हा कुठं शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सुईनं लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. मग आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच हिच्या लिव्हरवर उठल्यात. डोळे पांढरे झाले तरी आत सूज चालूच होती, तिचे वण पडत गेले, आता बराच भाग निबर झालाय. गोळ्यांनी सूज दबेल. झालेलं सगळं भरून येईल असं मात्र नाही. आधी आणायला हवं होतं.

"आणि हा रोग कुणाला लागत नाही," ते म्हणाले.

बायकोनं स्वतःच्या लिव्हरचं काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, "मंग लेकीला जवळ घेऊन निजू का?"

डॉक्टर म्हणाले, "घ्या की. नको म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी नाय," माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मलाच भ्या वाटायचं."

मी ते तसंच राहू दिलं.