दादूचा पुढचा दात

शिरवणे गावच्या दादूने आयुष्यात दोनच गोष्टी अगदी मनापासून केल्या : क्लॅरनेट वाजवला आणि चिंबोऱ्या खाल्ल्या. १९८४च्या माघात दुसऱ्या गोष्टीने पहिलीवर घाला घातला. खेकड्याची एक जाडजूड नांगी पुढच्या दातांनी फोडायला गेला, तर नांगी राहिली शाबूत आणि दाताचा कोपरा तुटून ताटात पडला.

क्लॅरनेटच्या चोचीवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, वरचे पुढचे दात टेकतात. कोपरा गेल्यावर चोच एका बाजूला निसटू लागली आणि लांबवलेला सूर मध्येच किंचाळू लागला.

भातखाचरं सरकारने नव्या शहरासाठी घेतल्यावर दादू तुर्भ्याच्या केमिकल कंपनीत हेल्पर झाला होता. दिवसभर ड्रम ढकलायचा. पण लग्नसराईत गावच्या बँडमध्ये उभा राहून त्याने पहिला सूर लावला, की मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांचे खांदे आपोआप हलायचे. तेवढ्यापुरतं गाव पुन्हा गावासारखं वाटायचं.

"गुरुवारी कमळाकरच्या घरचं लगीन हाय," बँडमास्तर गंगारामने बजावलं. "तवर दात नीट कर. नायतर उरणचा धर्मराज वाजवंल. आन एकदा तो घुसला का सगला सीझन त्याचा!"

एका जुन्या डॉक्टरांनी दात उपटायचाच सल्ला दिला होता. दादूची बायको येसूबाई वाशीत मासळी विकायची. तिच्या गिऱ्हाइकांत वैशालीताई नावाची तरुण दातांची डॉक्टर होती. बुधवारी येसूबाईने नवऱ्याला तिच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"दात काढायचा नाही, घासून बारीकही करायचा नाही," वैशालीताई म्हणाली. "तुटलेल्या जागी दाताच्या रंगाचा मसाला चिकटवू. आधी थोडं ॲसिड लावते."

दादू उठूनच बसला. "ॲसिड? आमच्या कंपनीत त्या ड्रमावर कवटी काढलेली हाय!"

"हे पातळ केलेलं आहे, भाऊ. दाताचं वरचं कवच त्याने खरखरीत होतं. डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं पडतात. त्यांत पातळ औषध शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि वरचा मसाला धरून ठेवतं."

"म्हंजे गिलावा करायच्या आधी भिंत टोचतात तसं," येसूबाई म्हणाली.

"अगदी तसंच. फक्त भिंतीवर पाणी मारतात, इथे थेंबभर थुंकीही नको. ओलं झालं की त्या भोकांत औषध शिरत नाही."

ओठाखाली कापूस कोंबून तिने ॲसिड लावलं. दादूला धीर यावा म्हणून ती मोठ्याने मोजू लागली. "एक, दोन, तीन, चार..."

दादूची जीभ बाहेर आली आणि ओठांवरून, दातावरून फिरून आत गेली. लगेच तोंड वाकडं झालं. "आंबट!"

पुन्हा धुणं, पुन्हा ॲसिड. या वेळी जीभ कशीबशी आत राहिली. धुऊन, वाळवून दात खडूसारखा पांढरा दिसला, तशी वैशालीताई खूश झाली. "आता औषध लावते. हलू नका. एक, दोन, तीन..."

जीभ हजर. पांढरा दात पुन्हा चकचकीत ओला.

"अहो, करता काय हे!"

"मी नाय करत, ती आपापली येते," दादू रडकुंडीला येऊन म्हणाला. उद्या गुरुवार होता.

येसूबाई पदर तोंडाला लावून हसत होती. "ताई, तुमी मोजूच नका. बँडमास्तर चार मोजतो आन हे ओठ ओले करतात. वीस वर्सांची खोड ती."

वैशालीताईने कपाळाला हात लावला. "मग मी गप्प बसते. तुम्ही बोला काहीतरी."

"बोलते की! लग्नापासून पैल्यांदा हे गप बसून आयकतायत." येसूबाईने स्टूल पुढे ओढलं. "नारळी पुनवेला मना माहेरी सोडतो म्हनला आन पनवेलला बँड घेऊन कोन गेला? माजी नवी चादर क्लॅरनेटच्या पेटीत कोनी घातली? आन मुलीच्या बारशाला..."

दादूचे डोळे गरगर फिरत होते. घशातून नुसतंच "आं, आं" निघत होतं. तेवढ्यात पुन्हा ॲसिड झालं, दात धुऊन वाळला, औषध लागलं, मसाला बसला, पारदर्शक पट्टी आवळून धरली गेली. बारशाची गोष्ट संपेस्तोवर दाताला कोपरा आला होता.

"खोटं हाय सगलं!" पट्टी निघताच तो ओरडला.

"चिंबोरी मात्र यापुढे वरवंट्याने फोडा," वैशालीताई म्हणाली.

गुरुवारी सकाळी कमळाकरच्या अंगणात धर्मराज आपलं वाद्य जुळवून तयारच होता. गंगारामने दादूकडे पाहिलं. दादूने चोच ओठांत धरली. दात नेमका टेकला. सूर निघाला, लांबला, वर चढला आणि तिथेच थांबून राहिला. म्हाताऱ्यांचे खांदे हलले. येसूबाई मात्र न हलता, श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. सूर आपणहून खाली उतरला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

धर्मराजने क्लॅरनेटचे तुकडे सोडवून पेटीत ठेवले, पेटी बगलेत मारली आणि जेवणाची पंगत कुठे बसणार आहे याची चौकशी केली.