माइकवाले भाऊ

दोंडाईच्यात सभा कोणत्याही पक्षाची असो, माइक आमच्या शेजारच्या भाऊंचाच. ते 'हॅलो, हॅलो' करत नाहीत. माइकवर एक टिचकी मारतात, मान तिरकी करून ऐकतात आणि भाषण शेवटपर्यंत रेकॉर्ड करून ठेवतात. मत मात्र आयुष्यभर एकाच पक्षाला देत आलेत. तो माझाही पक्ष.

मागे विरोधी नेत्याची जीभ घसरली, तेव्हा आम्ही ती क्लिप गावभर फिरवली. भाऊंनी मला घरी बसवून पूर्ण भाषण ऐकवलं. पुढच्याच वाक्यात त्या माणसाने माफी मागितली होती. "बठ्ठं आयका, मंग हसा," एवढंच भाऊ बोलले; बठ्ठं म्हणजे सगळं.

यंदा आमच्याच नेत्यांनी कापूस वेचणाऱ्या बायांना भर सभेत 'फुकट्या' म्हटलं. विरोधकांनी मागचं-पुढचं कापलंय, असं आम्ही सगळीकडे सांगत सुटलो. मी भाऊंकडे गेलो.

"भाऊ, तेवढं रेकॉर्डिंग पुसून टाका."

त्यांनी कर्णा उचलला, चौकात नेला आणि अख्खं भाषण लावलं. माफी कुठेच नव्हती. उलट तोच शब्द दोनदा होता.

"आपला शे म्हनीसन चूक कमी होत नही," ते मला म्हणाले.

पुढच्या सभेला पक्षाने नरडाण्याहून दुसरा माइकवाला आणला. भाऊ पक्षाचा रुमाल गळ्यात घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले. एका कार्यकर्त्याने त्यांना मागे जायला सांगितलं. ते हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो.