बिनअक्षरी मासा

नॉर्बर्ट लिटरस्की हा रागावणारा माणूस नव्हता. त्याच्या दारातली टपालपेटी बर्फ सारणाऱ्या गाडीने दोनदा उडवली, आणि दोन्ही वेळा ती गाडी तो स्वतःच चालवत होता. तरी तो नुसतं "हं" म्हणाला आणि नवी पेटी ठोकायला घेतली. पण विस्कॉन्सिनचा झेंडा दिसला की त्याचा तोल जायचा. निळं कापड, मधोमध एक खलाशी आणि एक खाणकामगार, दोघेही बसची वाट बघत असल्यासारखे, मधे चिन्हांनी खच्चून भरलेली ढाल, ढालीच्या डोक्यावर बॅजर नावाचं एक बिळातलं जनावर, आणि एवढं करूनही कुणाला ओळखू येणार नाही या भीतीने वर ठळक अक्षरांत राज्याचं नाव.

"रस्त्याच्या पलीकडून बघ," तो शेजारच्या व्हर्नला सांगायचा. "निळ्या चादरीवर कुणीतरी रस्सा सांडल्यासारखं दिसतं."

"माझी चादर तशीच आहे," व्हर्न म्हणायचा. "मी कुठे सरकारला पत्रं लिहितोय?"

नॉर्ब लिहायचा. काउंटीच्या रस्ते खात्यात उन्हाळ्यात तो डांबरावर पिवळे-पांढरे पट्टे मारायचा, हिवाळ्यात त्याच पट्ट्यांवरचा बर्फ सारायचा, आणि उरलेल्या वेळात स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून राज्याचा झेंडा नव्याने काढायचा. काढला की बायकोकडे द्यायचा. मार्लिस तो जुन्या पडद्यांतून शिवायची. मग वारा पडलेला दिवस बघून झेंडा अंगणातल्या काठीवर चढायचा आणि नॉर्ब रस्ता ओलांडून व्हर्नच्या पायरीवर जाऊन बघत बसायचा. वाऱ्यावर काय, कुठलंही फडकं देखणं दिसतं, असं त्याचं म्हणणं. खरा झेंडा तो, जो काठीला ओल्या टॉवेलसारखा चिकटला तरी ओळखू येतो. रंग दोन, फार तर तीन. शाळेतल्या पोराला आठवून काढता यावा. आणि अक्षर एकही नको.

या शेवटच्या नियमावर तो पाद्र्याशीसुद्धा भांडला होता.

"ज्याला आपलं नाव छातीवर लिहून फिरावं लागतं, त्याची ओळख ती काय?"

"तुझ्या खात्याच्या शर्टावर 'नॉर्ब' लिहिलंय," मार्लिस सुईत दोरा ओवत म्हणाली.

"मी झेंडा नाहीये."

"नाहीसच. झेंडा निदान अधूनमधून हलतो."

आमदाराला दरवर्षी नवा झेंडा जायचा आणि आमदाराकडून दरवर्षी नाताळचं शुभेच्छापत्र यायचं. त्यात आमदार, त्याची बायको, दोन कुत्री, आणि मागे तो जुना निळा झेंडा, इस्त्री केलेला.

राज्याचं एक वेळ सोडा. राजधानी लांब आहे, तिथे लोक कामात असतात. नॉर्बचा जीव खरा अडकला होता तो गावच्या हॉकी संघात. मार्टेल स्टर्जन्स, तळ्यातल्या थोरल्या स्टर्जन माशाच्या नावाचा. हॉकी म्हणजे अर्थातच बर्फावरची, आणि संघ तसा खालच्या दर्जाचा. इथून वर गेलेले खेळाडू थोडे आणि दात पाडून घेऊन घरी गेलेले जास्त. पण शुक्रवारी अख्खं मार्टेल आधी तळलेला मासा खायचं आणि मग क्रीडागृहात जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचं. नॉर्ब आणि व्हर्न यांच्या खुर्च्या शेजारी-शेजारी. नॉर्बची खुर्ची त्याच्या वडिलांची होती आणि व्हर्नची गळक्या छपराखाली होती.

या संघाचं बोधचिन्ह म्हणजे शेपटीवर उभा राहिलेला एक मासा, पायांत (मुळात माशाला पाय कुठून आले?) स्केट्स, हातात काठी, आणि तोंडभर दात. स्टर्जनला दात नसतात. मार्टेलमध्ये हे दूधपित्या पोरालाही ठाऊक, कारण फेब्रुवारीत निम्मं गाव तळ्याच्या बर्फात भोकं पाडून, भाला घेऊन, भोकाकडे बघत बसलेलं असतं. चिन्ह काढणारा फ्लोरिडातला होता म्हणे. नॉर्ब ते चिन्ह छातीवर वागवायचा तेव्हा वरून जाकीट घालायचा.

म्हणून दर वसंतात, हंगाम संपला की, तो संघाच्या कचेरीत आपला मासा देऊन यायचा. हा मासा वर्षानुवर्षं एकच होता, फक्त दरवर्षी त्यातली एखादी रेघ कमी व्हायची. मार्टेलमध्ये येऊन नदी जशी कोपरासारखी वळते, अगदी तसा वळलेला स्टर्जन. पाठीवर, स्टर्जनला असतात तशा, हाडांच्या पाच टोकदार ढाली, कारण नदीवर पाच पूल. रंग दोन: गावातल्या कागद गिरणीच्या विटेचा आणि नदीचा. बस्स.

"खाली बारीक अक्षरांत 'मार्टेल' लिही," मार्लिस म्हणाली होती.

"कशाला? नदी आहे ना त्यात."

"नदी तुला दिसते. दुसऱ्याला मासा दिसेल."

"मार्टेलच्या माणसाला नदीच दिसेल."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांचा आहे कुठे तो?"

मार्लिसने खांदे उडवले आणि बटाटे सोलायला घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात खांदे कधी उडवायचे हे तिला पक्कं कळलं होतं.

मग संघाला नवे मालक मिळाले. ते कुणी पाहिले नाहीत, पण त्यांनी टॉड ब्रेकी नावाचा व्यवस्थापक पाठवला, आणि टॉडला कपाटात तो मासा सापडला. फोन आला तेव्हा नॉर्ब अंघोळ करत होता. मार्लिसने दार वाजवून सांगितलं, "कुणी टॉड आहे. म्हणतो, मासा हवाय. मी म्हटलं, आज शुक्रवार नाही."

टॉड गोड बोलणारा, आणि खरं सांगायचं तर मनापासून बोलणारा मुलगा होता. "मिस्टर लिटरस्की, मी इतकी चिन्हं पाहिलीत. सगळ्यांत काहीतरी खरडलेलं असतं. यात एक अक्षर नाही आणि तरी सगळं आहे." नॉर्बला आयुष्यात इतकं कुणी समजून घेतलं नव्हतं. पैसे नको म्हणाला. मासा संघाच्या नावे करून द्यायची सही कुठे करायची ते विचारलं आणि केली. घरी येताना स्वतःच मारलेल्या पिवळ्या पट्ट्यावरून त्याची गाडी दोनदा घसरली.

पुढचा हंगाम म्हणजे नॉर्बचं आयुष्य. बाकी सगळं त्याच्या आधीचं आणि नंतरचं. मासा टोप्यांवर आला, बर्फाच्या मधोमध आला, बेकरीतल्या बिस्किटांवर आला. एक पोरगी पोटरीवर गोंदवून आली आणि नॉर्बला दाखवून म्हणाली, "पूल मोजा, काका." त्याने मोजले. शाळेतली पोरं वहीच्या मागच्या पानावर तो न बघता काढायला लागली. क्रीडागृहाच्या दारासमोर ब्रिज स्ट्रीटवर मासा रंगवायचं ठरलं, आणि रस्ते खात्याने काम अर्थातच नॉर्बला दिलं. त्याने तो रस्त्याच्या पक्क्या रंगात, काचेची बारीक पूड टाकून रंगवला, म्हणजे गाडीचे दिवे पडले की मासा चमकायचा. व्हर्न फुटपाथवर खुर्ची टाकून बसला होता.

"डोळा जरा मोठा कर."

"नाही."

"तुझ्या मेहुण्यासारखा दिसतोय."

"तुला नदी दिसतेय का, ते सांग."

व्हर्न उठला, मान वाकडी करून बघितलं, आणि माशाभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "दिसतेय, लेका. तिसऱ्या पुलाखाली मी पडलो होतो ना, ती जागासुद्धा दिसतेय."

संघ हरत राहिला. त्याने कुणाचंच काही बिघडलं नाही.

त्यानंतरच्या वसंतात मालकांनी नवं क्रीडागृह मागितलं. गावाने जमाखर्च बघितला, मत दिलं, आणि नाही म्हटलं. व्हर्नच्या खुर्चीवरचं गळकं छप्पर दुरुस्त करायलाच गावाची दमछाक होत होती. मग बातमी आली की संघ अॅरिझोनात चालला. गावातल्या म्हाताऱ्यांनी मान हलवली. या देशात हे नवं नाही. मिनेसोटाच्या तळ्यांचं नाव लावून एक संघ कधीपासून कॅलिफोर्नियात खेळतोय, आणि तिथल्या कुणाला तळ्यांची आठवणही होत नाही. लोक चिडले, काहींनी टोप्या क्रीडागृहाच्या कुंपणावरून आत फेकल्या. नॉर्बने टोपी फेकली नाही. त्याचा हिशोब सरळ होता: संघ जाईल, खेळाडू जातील, मासा कसा जाईल? मासा इथला आहे.

तो टॉडला भेटायला गेला. कचेरीत खोकी बांधणं चाललं होतं. टॉडने त्याला बसायला खुर्ची शोधली, सापडली नाही, मग दोघंही खोक्यांवर बसले.

"तिथे नवं नाव घेणार असाल ना," नॉर्ब म्हणाला. "विंचू वगैरे. मासा इथे ठेवून जा. गावाला देऊन टाका."

टॉड खाली बघत राहिला. "नॉर्ब, विंचू करून बघितला त्यांनी. सापही केला. लोकांना दाखवले. लोकांना मासा आवडला."

"तिथे नदी आहे?"

"आहे एक. पाणी नसतं तिच्यात."

"मग ते वळण कशाचं?"

"ते म्हणतात, मासा उसळी मारतोय."

"आणि पाच ढाली?"

टॉडने हाताची बोटं चोळली. "बर्फावरचे पाच खेळाडू. गोलरक्षक वेगळा धरून."

नॉर्बने मनातल्या मनात मासा पुन्हा काढून बघितला. वाईट होतं ते हे की, ते बसत होतं. उसळीही बसत होती आणि पाचही. त्याने इतकी वर्षं एकेक रेघ काढून टाकत मासा इतका मोकळा केला होता की आता त्यात कुणीही येऊन राहू शकत होतं.

"खाली गावाचं नाव असतं तर?" त्याने विचारलं.

"तर नवीन काढावं लागलं असतं," टॉड म्हणाला. "सगळंच. कपडे, पाट्या, सगळं. यात काही बदलायलाच लागलं नाही. मी तर त्यांना सांगितलं, याच्यासारखं स्वच्छ काम मी..." मग आपण काय बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं. "मला खरंच वाईट वाटतंय, नॉर्ब."

"माहितीये मला," नॉर्ब म्हणाला, आणि जाताना त्याने एक खोकं गाडीपर्यंत उचलून नेऊन दिलं.

घरी त्याने मार्लिसला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत तिने एवढी मोठी संधी कधी सोडली नव्हती. तिने नुसतं त्याच्या पुढ्यात सूप ठेवलं आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, समोरच्या नव्हे.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी बारमध्ये टीव्हीवर सामना लागला. अॅरिझोनातल्या बर्फाच्या मधोमध मासा होता. बाहेर तिथे लोक अर्ध्या चड्डीत उभे होते. कुणीतरी म्हणालं, "बंद कर रे ते," आणि कुणीतरी म्हणालं, "राहू दे, नॉर्बचा मासा आहे." तेव्हा सगळ्यांनी वळून नॉर्बकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. ज्याची मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि फोन करत नाही, अशा माणसाकडे बघतात तसं बघितलं. व्हर्नने त्याच्या ताटात स्वतःचं बटाट्याचं धिरडं ठेवलं. संघ जिंकत होता.

पुढच्या आठवड्यात रस्ते खात्यातून साहेबांचा फोन आला. संघाच्या वकिलांनी कळवलं होतं की त्यांचं चिन्ह सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय आहे. साहेब बोलताना घसा खाकरत होते. "दुसऱ्या कुणाला पाठवू का, नॉर्ब?"

"नको," नॉर्ब म्हणाला. "दुसरे नीट करत नाहीत."

रस्त्यावरचा रंग पुसता येत नाही, तो यंत्राने खरवडावा लागतो. नॉर्बने सकाळी ब्रिज स्ट्रीटवर गाड्या अडवायचे शंकू मांडले आणि यंत्र उतरवलं. व्हर्न खुर्ची न घेता आला.

"नुसता रंगावरून फिरव," तो हळू आवाजात म्हणाला. "रंग गेला की वकील खूश. पण डांबरात खरवडलेलं राहतंच ना? पाऊस पडला, ऊन कललं, की मासा दिसेल. आपल्याला कळेल, त्यांना काय कळणार."

हे खरं होतं, आणि नॉर्बला ते व्हर्नच्या आधीपासून माहीत होतं. जुने पट्टे असेच भुतासारखे राहतात. म्हणून खात्याची पद्धत अशी की आकार तेवढाच खरवडायचा नाही, भोवतालचा सगळा चौकोन खरवडायचा, म्हणजे मागे काहीच वाचता येत नाही.

तो माशाजवळ उभा राहिला. एका उन्हाळ्यात टायरांनी शेपटी झिजवली होती. डोळा अजून चांगला होता.

"अर्धवट राहील तो," नॉर्ब म्हणाला. "कडा फुटतील. दोन वर्षांनी दात असल्यासारखा दिसेल."

"असू दे की दात."

"नाही रे, व्हर्न."

त्याने खडूची दोरी ताणून चार बाजू आखल्या, माशापासून हातभर लांब. कानावर आवाजरोधक चढवले आणि यंत्र शेपटीकडून सुरू केलं. व्हर्न थोडा वेळ थांबला. धूळ फार उडायला लागली तसा फुटपाथवरून सरकत गेला, आणि मग दिसेनासा झाला. नॉर्बने डोक्यापर्यंत काम नेलं, डोळ्याशी आला तेव्हाही वेग कमी केला नाही, कारण मधे थांबलं की तिथे डांबराला खळगा पडतो.

दुपारपर्यंत चौकोन झाला. त्याने तो झाडला, धुतला, आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. मग अलीकडून बघितलं. ऊन तिरपं येईपर्यंत तिथेच उभा राहिला. काही दिसलं नाही. त्याने शंकू एकात एक घालून गाडीत टाकले आणि अडवून ठेवलेल्या गाड्यांना जायला हात केला.