कोरड्याचा शब्द

सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि देवाला उदबत्ती लावली, की शिलाई मशीनवर बसण्याआधी मी मोबाईलवर समुद्राचा अंदाज पाहते. मालेगावात वाशीम रोडला ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचा समुद्राशी काय संबंध, असं गिऱ्हाइकं विचारतात. पूर्वी मी सांगत बसायचे. आता म्हणते, मापाचा ब्लाऊज ठेवा आणि सोमवारी या. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय आणि मला तो आवडला नव्हता. एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही.

माझा धाकटा भाऊ परदेशातल्या एका बेटावर कामाला आहे. तिथं किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली पोवळ्याचा खडक आहे. आपल्याकडे पोवळं अंगठीत घालतात, मंगळ शांत राहावा म्हणून. तिथं त्याचा अख्खा डोंगर पाण्यात बसलेला आहे आणि त्याच्या कडा फुटक्या काचेसारख्या आहेत. खोल समुद्रातून आलेली लाट त्या खडकाला अडखळली की एकदम उभी राहते, पुढे वाकते आणि आपटते. त्या लाटेवरून फळी घेऊन घसरायला जगभरातून माणसं येतात. घरची कामंधामं टाकून येतात, हे मला अजून पचलेलं नाही. ही जागा फक्त तरबेज लोकांसाठी आहे, असं अंदाजाच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. भाऊ फळीवर उभा राहत नाही. फळीवरून पडलेल्यांना उचलून आणणं हे त्याचं काम.

त्यासाठी दोन माणसं लागतात. एक जण बोट घेऊन खडकाच्या पलीकडे, खोल पाण्यात थांबतो. दुसरा पाण्यावर चालणारी स्कूटर घेऊन थेट लाटेच्या तोंडात जातो, पडलेल्या माणसाला ओढून मागे घेतो आणि पुढची लाट यायच्या आत निसटतो. बोट जोडीदाराकडे असायची, स्कूटर माझ्या भावाकडे. जोडीदार त्याच बेटावरचा पोरगा, भावाच्याच वयाचा. व्हिडिओ कॉलवर भावाच्या खांद्यामागून डोकं काढून "दीदी, ठीक?" एवढं विचारायचा आणि माझं उत्तर यायच्या आत हसायचा.

अंदाजाच्या पानावर प्रत्येक दिवसाचा एक चौकोन असतो. लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याची दिशा, भरती-ओहोटी. हिरवा, पिवळा, लाल, जांभळा असे रंग, आणि खाली तारे. ते तारे समजायला मला वेळ लागला. मला वाटायचं, जास्त तारे म्हणजे दिवस चांगला, आपलं पोरगं सुखरूप. होतं उलटंच. लाट जितकी उंच, जितकी खुनशी, तितके तारे जास्त. ज्या दिवशी माझं मशीनवर लक्ष लागत नाही, त्या दिवसाला पाच तारे असतात. हे पान ज्यानं बनवलं असेल त्याच्या घरचं कुणी पाण्यात जात नसणार.

बाबा जऊळक्याजवळ आमच्या गावी असतात, सोयाबीन-तूर करतात, आणि एखाद्या गोष्टीवर आपलं मत दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. पहिल्यांदा त्यांना ते पान दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा चढवून सेकंद वाचले. सोळा.

"सोळा सेकंदानं एक लाट? मंग त मधात चा पिऊन व्हते," ते म्हणाले. "चार-पाच सेकंद असते त भेव व्हतं. कायले एवढी घाबरून राह्यली?"

मला ते पटलं. आम्ही दोघंही निश्चिंत झालो. पाणी सावकाश येतंय म्हणजे बरंच, हा आमच्याकडचा हिशोब. भावाला सांगितलं तर तो आधी खूप हसला, मग हसायचा थांबला.

"बाबाले सांग, जेवढे सेकंद जास्त तेवढी लाट दुरून आली. दुरून आली म्हंजे तिच्या खाली तेवढं पाणी. कमी सेकंदवाली नुसती वरवर खळबळ करते. सोळावाली खालून उचलते."

मग त्यानं समजावून सांगितलं. पार दक्षिणेला, जिथं माणसाची वस्ती नाही, तिथं वादळ उठतं. ते तिथंच जिरूनही जातं. पण त्यानं हाकललेल्या लाटा चालत राहतात, दिवसच्या दिवस, कुणाला न दिसता. बेटावर आभाळ निळं असतं, वारा गार असतो, फळ्या घेऊन आलेले पाहुणे नारळपाणी पीत असतात, आणि मग पाणी उभं राहतं.

"म्हंजे नदीसारखंच झालं," बाबा म्हणाले. वरच्या अंगाला पाऊस पडून गेलेला असतो, इकडे लख्ख ऊन, बाया पात्रात धुणं धूत असतात, आणि पूर येतो. ते आमच्याकडच्या सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर बाबांनी सेकंदांची थट्टा कधी केली नाही. पान दाखवायला गेले तर म्हणायचे, "रंग सांग फक्त."

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. शेतातली विहीर मोठी, पायऱ्यांची. आम्ही सख्खी-चुलत सगळी भावंडं उन्हाळ्यात तिथंच पोहायला शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. बाबांचा नियम एकच होता. एकानं काठावर कोरडं राहायचं. आम्ही त्याला कोरडाच म्हणायचो, आणि त्याची पाळी लावलेली असायची. कोरड्यानं कपडे काढायचे नाहीत, पाय बुडवायचे नाहीत, नुसतं पाण्याकडे पाहायचं. उडी मारायच्या आधी प्रत्येकानं त्याला विचारायचं, "जाऊ काय?" तो हो म्हणाला तरच उडी. नको म्हणाला तर वाद घालायचा नाही, कारणही विचारायचं नाही, मग तो कोरडा सगळ्यांत लहान का असेना. पोरं रुसायची, पण विहिरीवर हा नियम कुणी मोडला नाही. मला तर पोहण्यापेक्षा कोरडं राहणंच आवडायचं. सगळ्यांवर हुकूम चालवायला मिळायचा, आणि तो स्वभाव माझा अजून गेलेला नाही.

भाऊ मात्र पाण्यातलाच. पोलीस भरतीत उंचीनं हुकला, तेव्हा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा एक मित्र गोव्याला कामाला निघाला होता, त्याच्यासोबत गेला. तिथं किनाऱ्यावर जीवरक्षक झाला आणि तिथून त्या बेटावर. निघताना म्हणाला, "ताई, तिकडं माह्यं कोरडं कोनीच नाही. तूच राह्य." मी हसले. त्याला हसू आलं नव्हतं.

तेव्हापासून रोज कामावर निघण्याआधी त्याचा फोन यायचा.

"पायलं काय?"

"पायलं."

"जाऊ काय?"

मी उगाच थोडा वेळ घ्यायचे. मग म्हणायचे, "जा. बराबर येजो." क्वचित, अंदाज अगदीच वाईट असला तर, नको म्हणायचे. मग तो मालकाला कान दुखतो म्हणून सांगायचा, कारण बहीण नको म्हणाली हे तिथं कुणाला सांगणार. त्या दिवशी मालक पाहुण्यांना पाण्यात सोडायचाच नाही, किंवा लाट आयत्या वेळी बसायची. त्यामुळे माझ्या नकोमुळे कुणाचं काही अडतं, असं मला कधी जाणवलं नाही. जोडीदाराला आमची ही रीत माहीत होती. दीदीनं सोडलं का, असं तो भावाला रोज विचारायचा म्हणे.

लग्नसराईचे दिवस होते. दुकानात ब्लाऊजांचा ढीग, प्रत्येक बाईला उद्याच हवा. दक्षिणेत वादळ उठल्याचं मी आठवडाभर पाहत होते. पुढचे चौकोन आधी पिवळे होते, मग लाल झाले, आणि एक चौकोन जांभळा होऊन बसला. मला वाटलं होतं, जवळ येता येता रंग उतरेल. उतरला नाही. सेकंद वाढत गेले. वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे लाट आणखी ताठ उभी राहणार. आणि ऐन मोठ्या लाटांच्या वेळेला ओहोटी, म्हणजे खडकावर जेमतेम कमरेएवढं पाणी. बाबांना फोन करून रंग सांगितला. त्यांनी मत न देताच फोन ठेवला, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

सकाळी त्याचा फोन आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, जत्रेसारखा.

"पायलं काय?"

"पायलं. नको जाऊ."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं वाद घातला. "ताई, आज लय लोक हायेत. याच दिवसाची वाट पाहून राह्यले होते सारे. आज त माही गरज हाये."

"नको म्हटलं ना."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी दिवसभर हुक लावत बसले. छातीवरचा धोंडा उतरला होता. एका गिऱ्हाइकाला शेजारून चहासुद्धा मागवला, जी माझी सवय नाही.

दुपारी फोन आला. आवाजावरूनच समजलं की काहीतरी झालंय, आणि फोन तो करतोय म्हणजे त्याला काही झालेलं नाही, हेही त्याच क्षणी समजलं. त्याचा कान दुखतोय म्हटल्यावर बोट मालकानं घेतली आणि स्कूटर जोडीदाराला दिली. जोडीदाराला स्कूटर चालवता यायची, पण रोजचा हात नव्हता. एका पाहुण्याला ओढून घेताना त्याची पाठ समुद्राकडे झाली, आणि मागून आलेल्या लाटेनं स्कूटरसकट त्याला खडकावर टाकलं. पाहुणा खरचटून वर आला. जोडीदाराला वर काढावं लागलं. पाठीचा कणा मोडला होता.

"मी किनाऱ्यावर उभा व्हतो, ताई," भाऊ म्हणाला. "लाट येऊन राह्यली ते मले दिसलं. मी बोंबललो. तिथलोक आवाज जात नाही."

मला सगळ्यात आधी काय वाटलं ते सांगते. माझा वाचला, असं वाटलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मी आत कुठंतरी हसत होते. दुसरी गोष्ट मनात यायला बराच वेळ लागला, आणि आली ती बाबांच्या तोंडून.

त्या संध्याकाळी मी गावी गेले. सगळं ऐकून बाबा म्हणाले, "तू बराबर केलं." मग ओसरीवर थोडं बसले, उठले, पुन्हा बसले. "पन कोरड्यानं साऱ्यायकडं पाह्यचं असते. एकट्या आपल्या मानसाकडं नाही."

मी भडकले. "मंग त्या पोरानंबी फोन कराचा व्हता मले! मले त्या समुद्रातले सारे माहीत हायेत काय?"

मला त्यांचा राग आला, कारण त्यांचं खरं होतं. जांभळा रंग दिसताना मला एकच माणूस दिसत होता. त्याच्या जागी दुसरा कुणीतरी जाईल, ती जागा रिकामी राहत नसते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि आलं असतं तर? तरी मी नकोच म्हणाले असते. आज विचारलं तरी नकोच म्हणेन. यावर मला कुणाशी बोलायचं नाही.

त्यानंतर त्याचा सकाळचा फोन बंद झाला. मी केला तर उचलायचा, जेवलो म्हणायचा, बरा हाये म्हणायचा, आणि ठेवायचा. कामावर जातो का विचारलं तर जातो म्हणायचा. स्कूटर कोण चालवतं विचारलं तर मीच. मी अंदाज पाहत राहिले. पाहून काय करायचं ते मात्र मला समजत नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्यानं आपणहून फोन केला. जोडीदाराला दवाखान्यातून घरी सोडलं होतं. कमरेखालचं काही हलत नाही, पुढंही हलणार नाही. त्याचं घर किनाऱ्यालाच आहे, आणि त्याची खाट खिडकीशी लावली आहे, समुद्र दिसेल अशी. भाऊ रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिथं जातो, त्याला उठवून बसवतो, अंग पुसून देतो, खाऊ घालतो.

"चांगलं करून राह्यला तू," मी म्हणाले. "पन एका शब्दानं मले इचारत नाहीस आता."

"आता मी त्याले इचारतो, ताई."

"काय इचारतो?"

"जाऊ काय, म्हून. त्याले खिडकीतून सारं दिसते. तुयाहून चांगलं दिसते. माह्यं कोरडं आता तोच हाये."

"अन् तो काय म्हनते?"

"जा म्हनते."

"अन् पानी खराब असलं त?"

मागं लाटा आपटत होत्या, त्या मला ऐकू येत होत्या.

"तवाबी जा म्हनते," तो म्हणाला. "अजून एकडावबी नको नाही म्हनला."

"मंग तू कायले इचारतो रे त्याले?"

"आता त्यालेच इचारा लागते, ताई," तो म्हणाला. एवढं त्याला आणि मला दोघांनाही पुरेसं होतं. आम्ही जेवणाखाण्याचं थोडं बोललो आणि त्यानं फोन ठेवला. इतकी वर्षं मला लाटांची भीती वाटायची. आता मी रोज सकाळी त्या खाटेवरच्या पोराला घाबरते, आणि त्याला नको म्हणायला लावण्याचा हक्क माझ्याकडे नाही.